देव्हाऱ्यातल्या नाण्याची खरी किंमत

महाराष्ट्रातल्या असंख्य देव्हाऱ्यांत एखादा राणीछाप रुपया असतो. लक्ष्मीपूजनाला तो बाहेर निघायचा आणि हळदकुंकू लेवून पुन्हा डबीत जायचा. आता तो बाहेर निघाला की आधी त्याचा फोटो निघतो, कारण असंच नाणं पाच लाखांना विकलं गेल्याचा निरोप कुणीतरी मोबाइलवर धाडलेला असतो. जुनं नाणं म्हणजे घबाड, आणि जितकं जुनं तितकं मोठं घबाड, ही समजूत नाण्यांच्या छंदाला लागलेली सगळ्यात चिवट कीड आहे. ती कितीदा खोडून काढली तरी दर दिवाळीला नव्याने उगवते. तिच्यापायी साधी माणसं फसतात. त्याहून वाईट म्हणजे, ज्या नाण्याकडे तासन्‌तास बघत बसावं त्याच्याकडे लोक फक्त भाव विचारायला बघतात.

त्या राणीछाप रुपयापासूनच सुरुवात करू. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकाच वजनाचा रुपया आणला: १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात चोवीस भागांतले बावीस भाग चांदी. व्हिक्टोरिया राणीचा रुपया याच मापाचा. त्यावर १८६२ हे साल दिसलं की लोक हरखून जातात. पण हेच साल टाकसाळींनी १८७४पर्यंत कायम ठेवलं होतं, आणि मुंबईच्या टाकसाळीत नाणं नेमकं कधीचं हे कळावं म्हणून त्यावर बारीक ठिपके घालत. म्हणजे ज्या आकड्यावरून घरोघरी किंमत ठरते, तो आकडा त्या नाण्याचं वयसुद्धा नीट सांगत नाही. असे रुपये अफाट संख्येने पडले आणि लोकांनी ते चांदी म्हणून जपून ठेवले, त्यामुळे झिजलेल्या नाण्याला चांदीच्या भावाहून फार काही मिळत नाही. याउलट सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया त्याच्याहून सत्याहत्तर वर्षांनी धाकटा, तरी संग्राहक त्याच्या शोधात असतात, कारण तो फार थोडा हाती लागतो. आणखी मागे जाऊन पाहा. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांच्या पोटिन या मिश्रधातूच्या नाण्यांचा दीड हजारांहून मोठा साठा मिळाला. नाणी दोन हजार वर्षांच्या आसपासची, आणि एकाच ठिकाणी दीड हजार. वय आणि दुर्मिळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून सोपं करून सांगता येणार नाही.

तरीही जुन्या नाण्याला, अगदी वैष्णोदेवीच्या नाण्यालाही, लाखो देऊ म्हणणाऱ्या जाहिराती थांबत नाहीत. श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालेलं २०१२चं नाणं तर मुद्दाम चलनासाठीच काढलेलं होतं, ते लाखांना कोण घेईल? घेत कुणीच नाही. 'घेणारा' आधी नोंदणीचे पैसे मागतो, मग कमिशन, मग कर, आणि पैसे पोचले की त्याचा फोन बंद होतो. हा प्रकार इतका वाढला की ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर पत्रक काढावं लागलं: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक कुठेही नाही, असं कोणतंही शुल्क ती मागत नाही आणि तिच्या नावाने ते वसूल करण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नव्हे, ठग आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ घरं वाचतील.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की लिलावात नाणी लाखांना जातात हे तर खरंच आहे. हो, खरं आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन लिलावाला आला तर त्याला मोठी बोली लागणारच, कारण जगात उरलेले अस्सल होन बोटांवर मोजावेत इतके थोडे आहेत. पण तिथे पैसा वयाला मिळत नाही. नाणं खरं असल्याची खात्री, त्याची दुर्मिळता, अक्षरांची स्पष्टता, ते कुणाकडून कुणाकडे आलं याची नोंद आणि ते हवं असणारे लोक, हे सगळं एकत्र आलं तर भाव चढतो. यातलं एक जरी निसटलं तरी तो कोसळतो. होनाची बातमी वाचून शिवराईवर हजारोंची आशा धरणं हा याच गैरसमजाचा मराठी अवतार आहे, आणि तो जास्त सलतो, कारण शिवराईसारखं बोलकं नाणं शोधून सापडायचं नाही.

शिवराई तांब्याची. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. ती पाहिली की हे नाणं खुद्द महाराजांच्या काळातलं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. वस्तुस्थिती अशी की १६७४च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेला हा छाप पुढच्या छत्रपतींनी, पेशवाईतल्या टाकसाळींनी आणि त्यानंतरही काही काळ लोकांनी सोडला नाही. राजे बदलले, तरी बहुतेक नाण्यांवरचं नाव तेच राहिलं. शिवराया उदंड मिळतात त्या यामुळेच, आणि आज मिळणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या नंतरच्या आहेत. हे कळल्यावर कुणाला वाईट वाटलं तर ते समजू शकतं, पण यात निराश व्हावं असं काय आहे? राजाच्या निधनानंतर दीडशे वर्षं बाजारातला पैसा त्याच्या नावाने चालावा, याहून मोठी साक्ष कोणती? आणि संग्राहकाची खरी मौज इथेच सुरू होते. दहा शिवराया ओळीने मांडाव्यात. 'श्री'चं वळण बदलतं, 'राजा'चा 'जा' तुटतो, 'छत्रपति' ठशाच्या बाहेर सरकतं, अक्षरं हळूहळू नक्षीसारखी होत जातात. हा अभ्यास मध्यमवर्गीय पगारात सहज बसतो. नाणी जमवणं हा श्रीमंतांचा षोक आहे, या दुसऱ्या समजुतीला वेगळं उत्तर द्यायची गरज उरत नाही.

नाण्याची खरी किंमत कशात असते, याचा महाराष्ट्रातला सगळ्यात ठोस पुरावा जोगळटेंभीचा. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या या गावी तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. रेव्हरंड स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. गौतमीपुत्राने क्षहरातांचं निर्मूलन केल्याचं नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतोच, पण प्रशस्तीत अतिशयोक्ती असू शकते. हरलेल्याच्या चेहऱ्यावर जिंकणाऱ्याची मुद्रा मारलेली नऊ हजार नाणी अतिशयोक्ती करत नाहीत. आता कल्पना करा, ही नाणी सापडली त्याच दिवशी चार-चार करून विकली गेली असती तर? प्रत्येकाला चांदी मिळाली असती आणि इतिहासाला काहीच नाही. म्हणून शेतात नाणी सापडली तर ती कुठे, कशात आणि कशाबरोबर होती हे न विस्कटता जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. १८७८चा निखात निधी कायदा, म्हणजे जमिनीतल्या गुप्तधनाचा कायदा, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याला लागू होतो. घरात वाडवडलांची नाणी ठेवणं मात्र गुन्हा नाही, ती भीती अनाठायी आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतात: ती देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो.

फारसी अक्षरं म्हणजे मुघलांचं नाणं, हाही एक घाईचा निष्कर्ष. पुण्याच्या टाकसाळीतली अंकुशी रुपयाची नाणी पेशवाईतली, पण मजकूर फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं, कारण त्या नावाचा रुपया हिंदुस्थानभर ओळखला जाई. तरी गावोगावचे रुपये वेगळे, म्हणून सराफ ते पारखून बदलून देताना बट्टा कापत. आपण नावाला बट्टा लागला म्हणतो तो तिथून आला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. तांदूळ ओढणारं नाणं जगात नाही, तांब्याला चुंबक ओढत नाही, मग तांब्याने तांदूळ काय ओढायचे? राम-लक्ष्मण-सीतेची छबी आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं '१८१८चं' नाणं कंपनीने काढलंच नव्हतं. चौदा प्रकारची दहा रुपयांची नाणी सगळी चालतात, रिझर्व्ह बँकेने हे २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर नाण्याला लावू नका, कृपा करून लावू नका. तांब्यावर शतकांनी चढलेला तो गडद थर म्हणजे मळ नव्हे, खालच्या अक्षरांचं कवच आहे. तो गेला की नाण्याचं रूप गेलं आणि मोलही. स्वस्त पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांतून सुटणारी रसायनं धातूवर हिरवट चिकटा आणतात, तेव्हा आम्लविरहित कागदाची पाकिटं बरी, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवं. नाणं कडेने धरावं. एक दहापट भिंग आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा एवढ्यावर बऱ्याचशा बनावट नाण्यांचं पितळ उघडं पडतं: वजन बसत नाही, कडेला साच्याची शिवण दिसते, पृष्ठावर हवेचे बारीक खड्डे असतात.

सुरुवात कुठून करावी, तर आपण राहतो त्या मातीतून. नाशिककराला अंजनेरीचं नाणेसंशोधन केंद्र आणि त्याचं संग्रहालय जवळ आहे, मुंबईकराला फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं. चंदीगडलगत मुल्लानपूरला स्थायिक झालेल्या मराठी माणसाने शिवराईसाठी पुण्याकडे डोळे लावून बसायचं कारण नाही. तो शिवालिकच्या पायथ्याशी राहतो, आणि त्या डोंगरपट्ट्याचं नाणं कुणिंद या प्राचीन राज्याचं. राजा अमोघभूतीच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला हरिण आणि लक्ष्मी असतात. त्या बाजूचा मजकूर ब्राह्मीत आणि मागचा खरोष्ठीत, कारण ते ज्या बाजारांत फिरायचं तिथे दोन्ही लिप्या वाचणारी माणसं होती.