वाट देवीची, शेत दुसऱ्याचे

रामनवमीचा पाळणा हलला की सप्तशृंगीच्या वाटा माणसांनी भरून वाहू लागतात. खानदेश हे देवीचे माहेर अशी श्रद्धा असल्याने चैत्रोत्सवात जळगाव-धुळ्याकडील भाविक मोठ्या संख्येने पायी निघतात आणि मालेगाव, देवळा, कळवण मागे टाकीत नांदुरीच्या पायथ्याशी पोहोचतात. आमच्या नांदगाव तालुक्यातूनही पुष्कळ मंडळी या वाटेला लागतात. चैत्रातील उन्हात अनवाणी चालणे हे तपच होय. परंतु हे तप आपण कोणाच्या भूमीवर आचरतो, याचा विचार भाविकांनी करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

चैत्रात या भागातील शेते रिकामी नसतात. उन्हाळी कांदा उपटून, पातीखाली झाकून, सुकण्यासाठी शेतातच पसरलेला असतो. सडकेचे वळण टाळण्यासाठी एक जण बांध ओलांडतो, त्याच्या पाउलखुणांवरून शंभर जण जातात. पायाखाली दुखावलेला कांदा त्या दिवशी चांगलाच दिसतो. चाळीत गेल्यावर तो सडतो आणि शेजारच्या चार कांद्यांना आपल्याबरोबर नेतो. वर्षाचे कर्ज ज्या चाळीवर फिटायचे तिला कीड लागते ती अशी. भाकरीबरोबर खाण्यास दोन कांदे उचलले तर काय बिघडले, असेही कोणी म्हणतात. मागितले असते तर त्या माउलीने पदर भरून दिले असते! न मागता घेतले त्याला मात्र शास्त्रात चौर्य हाच शब्द आहे आणि मुखी देवीचे नाव असल्याने तो बदलत नाही.

‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ नदी उतरून जाण्याची जागा, पाणवठा, असा आहे. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात और्व ऋषी सगर राजाला गृहस्थाचा सदाचार सांगतात. तेथे नांगरलेली जमीन, उभे पीक, गोठा, रस्ता, नदीचे तीर्थ आणि पाण्याचा काठ या ठिकाणी मलमूत्र विसर्जन करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. नियम जुना आहे, पण त्याचे कारण आजही आपल्या घरातील नळातून वाहते. कळवणच्या डोंगरांकडून येणारी गिरणा मालेगाववरून आमच्याच तालुक्यातील पांझणच्या धरणात येते. त्या धरणावर नांदगावसह ५६ खेड्यांची नळपाणी योजना आहे. वरच्या काठावर यात्रेकरूने जे टाकले ते वाहत खाली येते, आणि परतल्यावर देवघरातील तांब्यात तो तेच पाणी भरतो.

अर्थात, सारा दोष चालणाऱ्यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. स्त्रियांनी आडोसा शोधावा तरी कोठे? पंढरीच्या वाटेवर २०१५ पासून निर्मल वारीच्या निमित्ताने फिरत्या शौचालयांची सोय होऊ लागली. देवीच्या वाटेवरील गावांनीही शाळेची शौचालये त्या आठ दिवसांपुरती उघडी ठेवावीत. अन्नदानाचा मंडप घालण्याइतकेच हे पुण्यकर्म आहे.

अन्नदानाचे निघालेच आहे, तर एक कटू गोष्ट सांगावीच लागते. पूर्वी प्रसाद पळसाच्या पत्रावळीवर मिळे. गुराने ती खाल्ली तरी बिघडत नसे. प्लॅस्टिक व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, तरीही पंगतीनंतर शेताच्या कडेला पिशव्या उडत असतात. खरकट्याच्या वासाने गाय पिशवीसकट घास घेते, आणि तो तिच्या पोटात अडकून राहतो. वसुबारसेला जिची पूजा करायची तिलाच हा नैवेद्य! अन्नदात्याने पंगतीबरोबर ती जागा झाडण्याचाही संकल्प सोडावा.

विहिरीवर पाणी प्यावयाचे तर वस्तीवर हाक मारून, धन्याला विचारूनच. आमच्या दुष्काळी मुलखात चैत्रातील विहिरीचा तळ दिसतो आणि तेवढ्या पाण्यावर गोठ्यातील जनावरे जगवायची असतात. तेथे कपडे धुऊ नयेत, साबण लावू नये. कोणी ताक पुढे केले तर घ्यावे आणि जाताना त्या घराच्या उंबऱ्याला हात लावून निघावे.

मुक्कामी तीन दगडांची चूल मांडताना भोवतालचे वाळलेले गवत आधी उपटून टाकावे. या दिवसांत डोंगरउतारावरील गवत ठिणगीची वाटच पाहत असते. पहाटे निघण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतून राख काठीने उकरावी, पुन्हा पाणी ओतावे आणि दगड हाताला थंड लागल्यावरच पताका उचलावी.