उद्यमनगरातील हात

शाहू छत्रपतींनी १९०६ साली कोल्हापुरात गिरणी उभारली आणि लवकरच राधानगरीच्या धरणाचे कामही हाती घेतले, तेव्हा कारखानदारी व पाणी या दोहोंची तजवीज संस्थानी दरबाराने केली खरी; परंतु पुढील शतकात मंदीच्या लाटा एकामागून एक आल्या असता या शहराला ज्याने तारले, ते लोहार-सुतारांच्या घरांतून वाढीस लागलेले यंत्रकौशल्य होय, असे माझे निश्चित मत आहे. चित्रपटाचा स्वदेशी कॅमेरा घडविणारे बाबूराव पेंटर याच कारागीर परंपरेतले. आणि पंचगंगेकाठच्या उसाला पाणी चढविणारी ऑईल इंजिनेही येथल्याच लेथवर तयार होऊ लागली.

पुढे शिवारात वीज आली, मोटारी बसल्या आणि इंजिनांची मागणी ओसरली. इंजिनावरच विसंबलेले गाव तेव्हाच खचले असते. पण फौंड्रीतला मोल्डर जाणकार होता तो वाळूचा आणि वितळलेल्या लोखंडाचा: ओली वाळू मुठीत दाबावी, बोटांचे ठसे नीट उमटले का ते पाहावे, गोळा मोडून त्याच्या कडा ढासळतात की काय हे पारखावे, आणि मगच साचा भरावा. ही पारख इंजिनाच्या सिलिंडरला जितकी लागते, तितकीच मोटारगाडीच्या ब्रेक-ड्रमला. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातले काम शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत पसरले तेव्हा माल बदलला, कसब तेच राहिले.

मुंबईच्या गिरणगावाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांचे कसब तिळमात्र उणे नव्हते. मात्र माग, खाते आणि जमीन ही सर्व मालकाची, आणि गिरण्यांचे दरवाजे मिटताच त्या कसबाला शहरात दुसरा ठाव उरला नाही. भिवंडीच्या यंत्रमागांनी काहींना थारा दिला, तो किती तुटपुंज्या मजुरीवर! याचा दोष कामगारांच्या माथी मारणे हा मी घोर अन्याय समजतो.

२००८ च्या जागतिक मंदीत वाहनांची मागणी घटली, तेव्हा कोल्हापुरात मात्र पंप, व्हॉल्व्ह आणि शेतीअवजारांचे ओतकामही जाणणाऱ्यांना निदान दुसरे गिऱ्हाईक शोधता येत होते. आज याच भट्ट्यांपुढे बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले तरुण उभे आहेत; मुठीतली वाळू पारखायला त्यांना जुने मोल्डरच शिकवू शकतात, आणि ते आता निवृत्तीच्या वयाला आले आहेत.