विहिरीवरचे डिझेल इंजिन सुरू होऊन बंद पडते, तेव्हा

हॅण्डल मारताच सुरू होणारे, पण पाणी पाटातून वाफ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच थांबणारे इंजिन शेतकऱ्यास फार नडते. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटू लागतात. त्या सुमाराची पाळी चुकली तर फुटवे कमी येतात व पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट पुरती भरून निघत नाही. विजेचे पंप आता बहुतेक ठिकाणी झाले असले, तरी नदीकाठी आणि जेथे वीज ठराविक तासच मिळते तेथे अनेकांची भिस्त आजही डिझेल इंजिनावरच आहे. म्हणून हा दोष कसा शोधावा, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे.

जे इंजिन सुरू होते, त्याने आपल्याविषयी बरेच काही आधीच सांगितलेले असते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन इतकी तापते की, तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. अर्थात इंजिन सुरू झाले त्या अर्थी कॉम्प्रेशन पुरेसे आहे, नोझल तेल फवारीत आहे आणि पंपाची वेळही जुळलेली आहे. असे असता पुष्कळ ठिकाणी प्रथम पंप आणि नोझल हेच भाग खोलले जातात. दोष बहुधा असतो तो टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत, आणि ती वाट तपासण्यास दोन पाने व स्वच्छ फडके एवढे पुरते.

इंजिन किती वेळाने बंद पडते, हे घड्याळ लावून पाहावे. अर्ध्या मिनिटाच्या आत थांबत असेल तर पंपात व नळीत उरलेले तेल संपले आणि मागून नवे आले नाही, असे समजावे. टाकीचा कॉक बंद राहिला असेल, फिल्टर चोंदला असेल किंवा नळीत हवा शिरली असेल. रिकामे चालते, पण पाण्याचा भार येताच दम टाकते, असे असेल तर फिल्टर अर्धवट चोंदलेला असण्याचा संभव अधिक. त्याच वेळी काळा धूर येत असेल तर मात्र हवेची जाळी धुळीने भरली आहे काय ते आधी पाहावे.

दहा-पंधरा मिनिटे नीट चालून बंद पडणारे व थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरू होणारे इंजिन मात्र भल्याभल्यांना चकविते. गेल्या रब्बी हंगामात गोदाकाठच्या एका गावी मी असेच इंजिन पाहिले. मालकाने पंप काढून तालुक्याच्या गावी नेला. तेथील कारागिरास पंपात दोष सापडला नाही, तरी त्याने नोझल नवे बसविले. यात तीन दिवस गेले, आणि इंजिन पुन्हा पहिल्याप्रमाणेच बंद पडू लागले. टाकीकडे पाहिले तेव्हा उलगडा झाला. झाकण हरवल्यामुळे मालकाने तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून सुतळीने करकचून बांधला होता. धूळ जाऊ नये हा हेतू चांगलाच. पण टाकीतून तेल जाते तेवढी हवा आत यावयास हवी. ती न मिळाल्याने टाकीत पोकळी निर्माण होई व तेल खाली उतरेनासे होई. सुतळी सोडताच हवा फुस्सकन आत शिरली. खऱ्या झाकणाला याच कामाकरिता बारीक भोक असते. ते चिखलाने बुजते, कधी कुंभारीण माशी त्यात घर करते. अशा वेळी टाकी काठोकाठ भरलेली असेल तर इंजिन लवकर थांबते, अर्धी रिकामी असेल तर उशिरा. कारण आतील हवा जितकी थोडी, तितकी पोकळी लवकर होते. इंजिन थांबल्याबरोबर झाकण सैल करून पाहावे. लगेच सुरू होऊन चालत राहिले, तर दोष सापडलाच.

‘इंजिनाने एअर घेतली’ असे आपण म्हणतो, त्याचे कारण असे. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नोझल उघडण्यास दर चौरस सेंटिमीटरला दीडशे-दोनशे किलोच्या आसपास दाब लागतो. मध्ये हवेचा बुडबुडा असला की पंपाचा सारा जोर तो बुडबुडा आवळण्यातच खर्ची पडतो. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली किंवा फिल्टर खोलला की हवा शिरतेच. ती काढण्याकरिता टाकी भरून कॉक उघडावा. प्रथम फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करावा, बुडबुडे थांबून तेलाची सलग धार येऊ लागली की धार चालू असतानाच तो आवळावा. मग पंपाच्या स्क्रूचे तसेच करावे. शेवटी नोझलकडील नळीचा नट थोडा सैल करून इंजिन हाताने फिरवावे व तेल उसळून येऊ लागले की घट्ट करावा. त्यानंतर फिरविताना नोझलचा ‘कर्र’ असा आवाज आला म्हणजे हवा गेली. नोझल बाहेर काढून त्याच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. ते तेल कातडीत घुसते. तसे झाल्यास जखम बारीक दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

जीप किंवा डिझेल मोटारगाडी यांत ही हवा अधिक लपून बसते. विहिरीवरच्या इंजिनाची टाकी उंच असल्याने सैल जोडातून तेल ठिबकते व जागा दिसते. गाडीची टाकी खाली असते, तेल ओढून घ्यावे लागते. त्यामुळे सैल जोडातून तेल बाहेर न येता हवाच आत ओढली जाते. जोड कोरडा दिसला म्हणून तो निर्दोष समजू नये.

एक अपवाद फार जपण्याचा आहे. इंजिन तापून, जड होत होत थांबले असेल, तर पुन्हा हॅण्डल मारू नये. निवाल्यावर फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावे. ते घट्ट लागले तर वंगणतेल व थंड करणारे पाणी यांची तपासणी झाल्याशिवाय, आणि कारागिराने पाहिल्याशिवाय, इंजिन सुरू करणे म्हणजे पिस्टन व सिलिंडर दोन्ही गमावणे होय.

राहिले तेलातील पाणी. इंजिन अडखळत, पांढरा धूर सोडीत थांबत असेल तर टाकीच्या तळाचे थोडे तेल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. पाणी फार दिवस राहिले असल्यास त्याच्या व तेलाच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून काळपट बुळबुळीत साका तयार होतो, व नवा फिल्टरही त्याने थोड्याच दिवसांत चोंदतो. पिंप आडोशाला, किंचित तिरपे ठेवावे. आणल्यावर निदान एक दिवस हलवू नये आणि तेल वरच्या बाजूने काढावे. तळाचे चार बोटे तेल इंजिनात घालू नये. ते यंत्राचे भाग व साखळ्या धुण्यास उपयोगी पडते.