तीव्र अंतराल व्यायाम आणि खंडित उपवास : तुलना

तीव्र अंतराल व्यायाम आणि खंडित उपवास हे वजन जास्त असलेल्या प्रौढांना सुचवले जाणारे दोन उपाय आहेत. पहिला ‘एचआयआयटी’ आणि दुसरा ‘इंटरमिटंट फास्टिंग’ या नावाने अधिक परिचित आहे. पहिल्यात जोराचे श्रम आणि विसावा यांची आवर्तने असतात; दुसऱ्यात काय खावे यापेक्षा केव्हा खावे यावर बंधन असते. उपवासाने मुख्यतः वजन घटते, तर व्यायामाने हृदय व फुप्फुसांची कार्यक्षमता वाढते. प्रस्तुत लेखात या दोहोंची तुलना करून ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या ग्रामीण तालुक्यांत त्यांचा अवलंब कितपत शक्य आहे, हेही पाहिले आहे.

अंतराल व्यायाम

ही पद्धत धावपटूंच्या सरावातून आली. एमिल झाटोपेक या चेकोस्लोव्हाकियाच्या धावपटूने अशाच सरावाच्या बळावर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवली. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये २० सेकंद पराकाष्ठेचे श्रम व १० सेकंद विश्रांती या आवर्तनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नॉर्वेत रूढ झालेल्या प्रकारात चार मिनिटे जोराचा व्यायाम आणि तीन मिनिटे हलकी हालचाल असे चार फेरे असतात. जपानमधील शिनशू विद्यापीठात विकसित झालेला प्रकार त्याहून सौम्य आहे. त्यात तीन मिनिटे झपाझप व तीन मिनिटे सावकाश चालण्याची पाच आवर्तने करतात. मध्यमवयीन व वृद्ध व्यक्तींनाही तो झेपतो.

खंडित उपवास

याचे तीन प्रकार प्रचलित आहेत : दिवसातील ८ ते १० तासांतच आहार घेणे, आठवड्यातून दोन दिवस अत्यल्प आहार घेणे आणि एक दिवसाआड उपवास करणे. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी व्याख्यानांतून मांडलेली व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारित केलेली दोन वेळा जेवणाची पद्धत याच्या जवळची आहे. तीत प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवणे व रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे अपेक्षित असते.

धार्मिक उपवास आणि खंडित उपवास एक नव्हेत. साबुदाणा, शेंगदाणे, तूप व बटाटा यांच्या फराळातून नेहमीच्या जेवणाइतकी किंवा अधिक ऊर्जा मिळू शकते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण याच अनुभवातून आली आहे.

जास्त वजनाचा निकष

वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले असता शरीर वस्तुमान निर्देशांक मिळतो. जगात सर्वसाधारणपणे २५ पासून वजन जास्त मानतात. भारतीयांसाठी मात्र २३ पासून जास्त वजन व २५ पासून स्थूलता धरण्याची शिफारस आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले की, सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही चरबीचे प्रमाण बरेच असू शकते. म्हणून कमरेचा घेरही मोजतात. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर धोक्याचा समजला जातो.

संशोधनातील निष्कर्ष

ग्वांगझू येथील १३९ स्थूल व्यक्तींच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांना सारखाच मर्यादित आहार देण्यात आला. त्यांपैकी एका गटाने तो आठ तासांच्या मर्यादेत घेतला. वर्षाअखेर त्या गटाचे वजन सरासरी ८ किलो, तर वेळेचे बंधन नसलेल्या गटाचे ६.३ किलो घटले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. यावरून उपवासाचा लाभ बहुतांशी एकूण खाणे कमी होण्यातून येतो, असे दिसते.

दोन्ही उपायांची थेट तुलना नॉर्वे व ऑस्ट्रेलिया येथील १३१ स्त्रियांच्या सात आठवड्यांच्या अभ्यासात झाली. तोही २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने दहा तासांच्या आत आहार घेतला, दुसऱ्याने आठवड्यातून तीनदा अंतराल व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही केले आणि चौथ्याने नेहमीची दिनचर्या ठेवली. ग्लुकोज चाचणीतील मुख्य मोजमापात कोणत्याही उपायाने लक्षणीय फरक पडला नाही. मात्र दोन्ही करणाऱ्या गटात तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शवणारे एचबीए१सी सुधारले, आणि एकूण व पोटातील चरबी एकेकटा उपाय करणाऱ्यांपेक्षा अधिक घटली.

केवळ उपवासाने वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजू शकतात. पुरेशी प्रथिने व स्नायूंचा व्यायाम यांमुळे ही झीज रोखण्यास मदत होते.

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील परिस्थिती

शहापूर तालुक्यातील वासिंद, आसनगाव, खर्डी व कसारा येथून अनेक नोकरदार पहाटेच्या लोकलने मुंबईकडे जातात आणि रात्री परततात. मुरबाडहून अशीच ये-जा कल्याणमार्गे चालते. रात्रीचे जेवण साडेनवाला होत असेल, तर दहा तासांच्या मर्यादेसाठी पहिले खाणे साडेअकराच्या आधी घेता येत नाही. साखरेचा चहाही त्यात मोजावा लागतो. अशा व्यक्तींना आठवड्यातून तीन-चार दिवस अर्ध्या तासाचे अंतराल चालणे अधिक सोयीचे ठरू शकते. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही; रहदारी नसलेला रस्ता, शाळेचे मैदान किंवा सौम्य चढ पुरतो.

भातशेतीचे चित्र निराळे आहे. आवणीच्या दिवसांत शेतकरी व मजूर दिवसभर चिखलात वाकून काम करतात. त्या काळात दीर्घ उपवासाने अशक्तपणा व चक्कर येण्याचा धोका असतो. सुगीनंतर श्रम कमी होऊन आहार तोच राहिला, तर वजन वाढते.

या तालुक्यांत कातकरी, ठाकूर, वारली व महादेव कोळी या आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. त्यांतील अनेक कुटुंबांपुढे अपुऱ्या आहाराचा प्रश्न आहे. एकाच गावात कुपोषण आणि स्थूलता शेजारी-शेजारी आढळत असल्याने उपवासाचा सल्ला सरसकट देणे घातक ठरते. आधी वजन, उंची व कमरेचा घेर मोजणे आवश्यक असते.

दक्षता

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेहींनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. गरोदर व स्तनदा माता, कमी वजनाच्या व्यक्ती आणि वाढत्या वयातील मुले यांच्यासाठी हा उपाय नाही. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्यांनी तीव्र व्यायामापूर्वी तपासणी करून घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाची वेळ टाळावी. व्यायाम करताना छातीत दुखल्यास किंवा भोवळ आल्यास तो तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.