मधमाशी अंबडची, नियम युरोपचा

संशोधनाचा विषय निवडताना 'व्यापार की पर्यावरण?' असा प्रश्न घेऊ नका. त्यातून वादविवाद स्पर्धा होते, संशोधन होत नाही. नियम कुणाला वाचवायला केलाय आणि तो मोजतो काय, हे विचारा. एक उदाहरण बघू.

आमच्या अंतरवाली सराटीकडे (ता. अंबड) कापूस आणि मोसंबी ही नेहमीची पिकं. मावा, तुडतुडे आले की फवारल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक म्हणजे थायामेथोक्झाम. ते झाडाच्या रसात भिनतं, परागकणांत आणि मकरंदातही उतरतं. तिथून मधमाशीच्या पोटात.

म्हणून युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतात त्याचा वापर बंद केला. २०२३ मध्ये आणखी एक नियम केला: आयात अन्नातही थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिनचा अंश, प्रयोगशाळेत खात्रीने मोजता येतो त्या किमान पातळीच्या वर चालणार नाही. अंमल ७ मार्च २०२६ पासून. कारण दिलं ते जगभरातल्या परागीभवन करणाऱ्या कीटकांच्या रक्षणाचं.

आता कायदा बघा. जागतिक व्यापार संघटनेचा एसपीएस करार देशाला स्वतःच्या हद्दीतलं आरोग्य जपू देतो. अंबडची मधमाशी त्या हद्दीत नाही. मग उरतं गॅट करारातलं कलम २०, म्हणजे पर्यावरणासाठीचे अपवाद. १९९८ च्या कोळंबी-कासव खटल्यात भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड अमेरिकेविरुद्ध उभे होते. अपील मंडळाने कासवांचं रक्षण हा हेतू मान्य केला, कारण ही कासवं स्थलांतर करत अमेरिकेच्या पाण्यातही जातात. पण देशादेशांत भेदभाव केल्यामुळे अमेरिका हरली. नंतर अंमलबजावणी सुधारल्यावर २००१ मध्ये तीच बंदी टिकली.

आपली मधमाशी काही युरोपात जात नाही. मग युरोपचा तिच्याशी संबंध कसा सिद्ध करायचा? हा झाला कायद्याचा प्रश्न.

विज्ञानवाल्यांसाठी दुसरा. तपासणी होते फळातल्या अंशाची. मधमाशी मरते फुलावर. बहरात फवारलं आणि तोडणीपर्यंत औषध विरून गेलं, तर माल पास होईल, मधमाशी मात्र गेलेली असेल. शिवाय आपली बहुतेक मोसंबी देशातच विकली जाते. तिला हा नियम लागूच नाही.

म्हणजे निर्यातदाराचा खर्च वाढेल हे नक्की. मधमाशी वाचेल का, ते बांधावर जाऊन मोजावं लागेल. प्रबंधाचा विषय तिथे आहे.