मालमोटारीचे नट आणि बिनतारी पाना

आपल्या घरीं सकाळीं येणारें दूध, भाजीपाला आणि धान्य ज्या मालमोटारींतून शहरापर्यंत येऊन पोंचतें, तिच्या चाकांकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. मोठ्या मालमोटारीचें एकेक चाक बहुधा दहा नटांनीं तुंब्यावर आवळलेलें असतें. रात्रीं घाटांत टायर फुटला म्हणजे हे दहा नट सोडविल्यावांचून गाडी पुढें जात नाहीं. हें काम करण्यासाठीं हल्लीं विद्युत्घटावर चालणारा बिनतारी पाना मिळतो. कारागीर त्याला इम्पॅक्ट रेंच म्हणतात. तो कसा निवडावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार इतकाच कीं, असा पाना निवडतांना मीं एक चूक केली आणि तिची किंमत दुसऱ्यानें दिली.

माझा एक जुना विद्यार्थी स्वतःची मालमोटार चालवितो. पाना घेण्यापूर्वीं तो सल्ल्यासाठीं माझ्याकडे आला. त्याच्याजवळ चाकांच्या माहितीचा एक तक्ता होता. त्यांत नट आवळण्याचा आंकडा ४५० असा छापला होता. दुकानांत पाहिलेल्या एका पान्याच्या वेष्टनावरहि ४५० हाच आंकडा होता. मी म्हणालों, "घे, माप अगदीं जुळतें आहे." पुढें दोन महिन्यांनीं कसारा घाटांत मध्यरात्रीं त्याचा टायर फुटला. पाना खडखडत राहिला, पण नट तसूभरहि हालला नाहीं. शेवटीं त्यानें लांब टॉमी लावली, तिच्यावर उभा राहून जोर केला, टॉमी निसटली आणि त्याचें मनगट मोडलें.

दोन्हीं आंकडे खरे होते. तक्त्यांतील आंकडा फूट-पौंडांचा होता आणि वेष्टनावरील न्यूटन-मीटरांचा. एक फूट-पौंड म्हणजे सुमारे १.३५६ न्यूटन-मीटर, तेव्हां ४५० फूट-पौंड म्हणजे सुमारे ६१० न्यूटन-मीटर होतात. मीं निवडलेला पाना मुळांतच चतुर्थांशाहून अधिक दुबळा होता.

हें माप कशाचें, तें थोडक्यांत पाहूं. दाराला बिजागरीजवळ ढकललें तर तें जड जातें, कडेला ढकललें तर सहज फिरतें. फिरविण्याची ही शक्ति जोर आणि अंतर या दोहोंच्या गुणाकारानें मोजतात. शास्त्रीय ग्रंथांत तिला आघूर्ण म्हणतात. आपण पीळ म्हणूं. एक मीटर लांबीच्या आडव्या टॉमीच्या टोकावर ६२ किलो वजनाचा मनुष्य उभा राहिला, तर नटावर सुमारे ६१० न्यूटन-मीटर पीळ पडतो. २२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचे, ३३ मिलिमीटरच्या गोटीनें फिरणारे जे नट पुष्कळ अवजड गाड्यांना असतात, ते ४५० ते ५०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ६१० ते ६८० न्यूटन-मीटर इतके आवळावयाचे असतात. हें झालें स्वच्छ नटाचें माप. गंज चढलेला नट सोडवावयास याहून पुष्कळ अधिक पीळ लागूं शकतो.

आतां हातांत मावणारें यंत्र इतका पीळ कसा देतें? अंगठ्यानें खिळा भिंतींत शिरत नाहीं, पण लहानशा हातोडीच्या ठोक्यानें शिरतो. या पान्यांत तेंच तत्त्व आहे. आंत फिरणारा एक हातोडा आणि एक ऐरण असते. नट अडला कीं हातोडा स्प्रिंग दाबून मागें सरतो, ऐरणीच्या दांत्यावरून सुटतो आणि पुढच्या दांत्यावर आदळतो. असे ठोके मिनिटाला हजारोंनीं पडतात. प्रत्येक ठोका क्षणभराचाच असल्यामुळें त्याचा उलटा झटका धरणाऱ्याच्या मनगटाला फारसा लागत नाहीं.

निवड करतांना पहिली गोष्ट म्हणजे आंकडा व त्याचें एकक. वेष्टनावर बहुधा दोन आंकडे असतात: एक आवळण्याचा व दुसरा, त्याहून मोठा, सोडविण्याचा. जाहिरातींत मोठाच ठळक छापतात. माझा ठोकताळा असा कीं, आवळण्याचा आंकडा नटाच्या नियत मापाच्या दीडपट तरी असावा. म्हणजे वरील नटांसाठीं तो १००० न्यूटन-मीटरांच्या आसपास हवा.

दुसरी गोष्ट, गोटी बसविण्याची चौकोनी खुंटी. ती अर्धा, पाऊण आणि एक इंच अशा मापांची असते. मोटारगाडीला अर्धा इंच पुरतो; मालमोटारीला पाऊण इंच योग्य. एक इंचाचीं यंत्रें जड असतात व तीं रोज चाकें उतरविणाऱ्या कारखान्यालाच शोभतात.

तिसरी गोष्ट विद्युत्घटाची. १८ व्होल्टांच्या घटांत ३.६ व्होल्टांचे पांच लिथियम कोश एकापुढें एक जोडलेले असतात. ५ अँपिअर-तासांचा घट म्हणजे ९० वॅट-तासांचा सांठा. लहान घट जोराच्या वेळीं दमतो आणि ठोका मंदावतो. म्हणून मोठा घट घ्यावा, दुसरा भरलेला जवळ ठेवावा, आणि दोन्हीं उन्हांत तापलेल्या केबिनींत टाकूं नयेत.

गोटीहि आघात सोसणारी, काळ्या रंगाची, जाड भिंतीची व षट्कोनी असावी. चकचकीत मुलाम्याची साधी गोटी ठोक्यांनीं तडकून तिचे तुकडे उडूं शकतात. मागील जोडचाकाचे नट खोल असतात. तेथें लांब दांडी जोडण्यापेक्षां खोल गोटी बरी, कारण दांडी ठोक्याचा कांहीं भाग गिळून टाकते.

वापरतांना गाडीला उटी लावावी आणि चाक जमिनीवर टेकलेलें असतांनाच नट थोडेसे सैल करावे. मग जॅक लावावा. कांहीं जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. तेथें नेहमींच्या दिशेनें ठोकल्यास नट सुटण्याऐवजीं आवळतो. दहाएक सेकंदांत नट न हालल्यास थांबावें, आटे घासून तेल सोडावें आणि थोडा वेळ जाऊं द्यावा. डोळ्यांवर चष्मा व कानांत बोळे असावेत.

चाक परत बसवितांना मात्र या यंत्रावर शेवटचा भरंवसा ठेवूं नये. अति आवळल्यानें बोल्ट ताणला जातो आणि ताणलेला बोल्ट पुढें दगा देतो. समोरासमोरचे नट क्रमानें बसवावे, अखेरचा पीळ मापाच्या पान्यानें द्यावा, आणि ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर तो पुन्हां तपासावा.

माझा विद्यार्थी प्लास्टरमध्यें हात घालून घरीं बसला होता, तेव्हां मी त्याला भेटावयास गेलों. काय बोलावें तें मला सुचेना. तोच हंसून म्हणाला, "गुरुजी, एकक लिहिलें नाहीं म्हणून तुम्ही आमचा अर्धा गुण कापीत होतां." त्याचे दीड महिन्याचे भाडे बुडालें होतें. नवा पाना घ्यावयास आम्ही दोघे बरोबर गेलों. वेष्टनावरील आंकडा त्यानें वाचला. त्यापुढचें एकक मीं मोठ्यानें वाचलें.