गणित घेऊन पोरगी करणार काय?

केळशीच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, तरी एक ताई उठेना. म्हणाली, "लेक बीएस्सीला आहे. उपयोजित गणित घ्यायचं की सोडायचं, हे आठ दिवसांत कॉलेजात सांगायचंय. घरात सगळे म्हणतात, सोड. गणित घेऊन पोरगी करणार काय?"

आम्हाला उत्तर देता येईना. आमच्यात जी बीए झाली आहे, तिचंही गणित दहावीलाच सुटलं. मग आम्ही लेकीलाच पुस्तक घेऊन बोलावलं.

उपयोजित गणित म्हणजे व्यवहारातले प्रश्न सोडवायचं गणित. तिने आमचाच प्रश्न घेतला. समजा, गटाकडे ३० बरण्या आहेत आणि कामाचे ४० तास. लोणच्याच्या एका बरणीला १ तास लागतो, नफा ३० रुपये. मुरांब्याच्या बरणीला २ तास, नफा ५० रुपये. काय करावं?

आम्ही एका सुरात म्हटलं, मुरांबा! पण ४० तासांत मुरांब्याच्या २०च बरण्या होतात. नफा १,००० रुपये, आणि १० बरण्या रिकाम्या. नुसतं लोणचं घातलं तर ३० बरण्यांचे ९०० रुपये, आणि १० तास शिल्लक. लेकीने कागदावर दोन रेषा काढल्या, एक तासांची, एक बरण्यांची. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे उत्तर होतं : लोणचं २०, मुरांबा १०. तास पुरे ४०, बरण्या पुऱ्या ३०, नफा १,१०० रुपये.

याला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. मोठ्या कंपन्यांपुढे अशा हजारो अटी एकदम असतात. ते प्रश्न लवकर सोडवायची नवी रीत १९८४ साली नरेंद्र करमरकर या गणितज्ञाने शोधली.

या विषयात आणखीही पद्धती असतात. चुलीवरून उतरवलेला चहा आधी भराभर निवतो, मग हळूहळू. अशा बदलाचा वेग मांडतात त्याला डिफरन्शियल इक्वेशन म्हणतात. नेमकं उत्तर निघत नसेल, तर अंदाज धरून पायरीपायरीने त्याच्या जवळ जायचं, याच्याही रीती शिकवतात.

विषय सोपा नाही. बारावीचं कॅल्क्युलस कच्चं असेल, तर आधी महिनाभर तेच पक्कं करावं. नुसतं वाचून गणित येत नाही, रोज हाताने सोडवावं लागतं. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं 'स्वयम्' आणि 'एनपीटेल'वर फुकट ऐकता येतात, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. बरीचशी व्याख्यानं इंग्रजीत आहेत, म्हणून दोघी-तिघींनी मिळून ऐकलेलं बरं. नोकरी लागेलच असं आम्ही म्हणत नाही. पण बँक, विमा, हवामानाचा अंदाज, संगणक, सगळीकडे हेच गणित लागतं.

आणि गणित आपल्या मुलखाला नवं नाही. आपल्याच दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, सीनियर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय. मुरुडचे अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. त्यांनीच १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं. रँग्लरांची मुलगी शकुंतला केंब्रिजला गेली, तीही गणितच शिकायला. जवळजवळ शंभर वर्षं झाली त्याला. तेव्हा वडील 'सोड' म्हणाले नाहीत.

त्या बैठकीत लेकीची आजीही बसली होती. सगळ्यांत आधी तीच नको म्हणाली होती. बरण्यांचं उत्तर निघालं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे गेल्या वर्षी आपण शंभर रुपये घालवले?" आकडे समजा म्हणून घेतलेले होते, पण तिला मुद्दा कळला. घरी जाऊन तीच बोलली.

लेकीने विषय घेतला. पुस्तकांसाठी गटाने अंतर्गत कर्ज मंजूर केलं. बदल्यात महिन्यातून एकदा ती आमचा हिशेब तपासणार आहे.

तुमच्या गटात अशी कुणाची लेक असेल, तर लगेच हो-नको म्हणू नका. आधी तिचं पुस्तक बैठकीत उघडायला लावा.